पंचवीस मिनिटांचा बोर्ड

सुलभाताई गायकवाड दुकानात शिरल्या की मी आधी त्यांच्या हाताकडे बघायचे. हातात नुसती भाजीची पिशवी असली तर हायसं वाटायचं. गुळगुळीत कागद दिसला की नजर प्रिंटरकडे जायची.

माझं झेरॉक्सचं दुकान जोगेश्वरी पूर्वेला, आम्ही राहायचो त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर. आधारकार्डाचे प्रिंट, लग्नपत्रिका, शाळेची प्रोजेक्टं, लॅमिनेशन. लेझर प्रिंटर एकच. तो बसला की दुकान बसलं. सुलभाताई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात सिनेमाच्या मासिकातलं एक पान होतं, ब्लेडने नीट कापलेलं, बरोबर प्रिंटरच्या मापाचं. पानभर एका नटीचा चेहरा.

"ह्याच्यावर प्रिंट दे," त्या म्हणाल्या.

"ह्याची झेरॉक्स?"

"ह्याची नाही. ह्याच्यावर."

त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये एक चित्र होतं. काळ्या जाड रेघा, रेघांच्या टोकाला गोल ठिपके. मी म्हटलं, ताई, आत गरम रोलर असतो, हा चकचकीत कागद त्याला चिकटला तर मशीनची वाट लागेल.

"चिकटला तर मी काढीन."

"आणि नाही निघाला तर?"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काही होत नाही गं, दे बिनधास्त. सुलभाताईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तर तुझं नुकसान होईल."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मी कागद घातला. आत करकर असा आवाज झाला आणि पान बाहेर आलं. त्यांनी ते दोन कडांना धरून दाराशी उजेडात नेलं, एक डोळा मिटून बघितलं आणि परत आल्या. "इथे रेघ तुटलीय. टोनर वाचवायचं बटण बंद कर. जेवढं काळं येतं तेवढं काळं पाहिजे." त्या दिवशी चार पानं काढली. चारही वेळा माझा जीव टांगणीला.

एकदा मी वर जाऊन बघितलं, त्या करतात तरी काय. ओट्यावर तांब्याचा पातळ थर चढवलेली एक फायबरची पट्टी होती. ती त्यांनी भांड्याच्या पावडरने घासून घासून लख्ख केली, त्यावर माझा प्रिंट पालथा ठेवला आणि वरून कडक इस्त्री दाबून धरली. टोनर म्हणजे शेवटी प्लास्टिकच, गरम झालं की कागद सोडून तांब्याला धरतं. मग सगळं पाण्याच्या थाळीत. कागद भिजला की अंगठ्याने हळूहळू चोळून काढायचा. नटीचं नाक गेलं, ओठ गेले, आणि खाली तांब्यावर काळ्या रेघा तेवढ्या उरल्या. शेवटी ती पट्टी जुन्या प्लास्टिकच्या डब्यात, तपकिरी पाण्यात. डबा दोन्ही हातांनी हलवत त्या म्हणाल्या, "हात घालू नको. उघडं तांबं खातं हे. काळ्याखालचं ठेवतं." वीस मिनिटांनी पट्टी बाहेर आली तेव्हा तिच्यावर तांब्याच्या वाटा तयार झाल्या होत्या. मग त्यात बारीक भोकं पाडायची, पार्ट बसवायचे, सोल्डर करायचं. झाला बोर्ड.

'झाला' हा शब्द माझा. त्या कधीच 'झालं' म्हणायच्या नाहीत. दिवा लागेपर्यंत, घंटा वाजेपर्यंत, मोटर फिरेपर्यंत एकच शब्द, "बघू."

त्या रसायनाने त्यांची बोटं कायम पिवळट तपकिरी असायची. बिल्डिंगमधल्या नव्या सुना विचारायच्या, कुणाच्या लग्नाची मेंदी? साड्यांवर तसलेच डाग. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा. कुणी म्हणालं, ताई, जरा अर्जंट आहे, की त्या वस्तू परत हातात द्यायच्या. "घाई असेल तर दुसरीकडे जा." पिठाच्या गिरणीवाल्याला त्यांनी असं दोनदा परत पाठवलं. तो तिसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "तुम्हाला होईल तेव्हा द्या." तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिलं.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं सोल्डरिंग केलं होतं. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बायका, समोरून बोर्ड सरकत यायचे. प्रत्येकीने आपले ठरलेले ठिपके लावायचे आणि पुढे सरकवायचं. नव्या असताना त्यांनी सुपरवायझरला विचारलं, साहेब, हा बोर्ड कशात जातो? तो म्हणाला, बाई, तुम्हाला ठिपके लावायला ठेवलंय. पुढे कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, बायका घरी आल्या. यजमान आधीच वारले होते, मूलबाळ नव्हतं. पन्नाशीच्या सुलभाताईंनी रद्दीवाल्याकडून आयटीआयची पुस्तकं आणली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मोबाइलवर व्हिडिओ बघायच्या, थांबवायच्या, वहीत काढायच्या, परत चालू करायच्या. मला एकदा म्हणाल्या, "लाखो ठिपके लावले असतील गं मी. एकाचंही मला माहीत नव्हतं, तो कशासाठी."

त्या कधी चुकल्या नाहीत असं नाही. एकदा चुकल्या, आणि सगळ्या बिल्डिंगसमोर.

पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा बोर्ड त्यांनी सोसायटीला करून दिला होता. दोन महिने झकास चालला. एका दुपारी पंप बंदच होईना. टाकी वाहिली, पाणी जिन्यातून मीटरच्या खोलीत शिरलं, तिथे ठिणग्या उडाल्या. परबकाकू नेमक्या समोरून जात होत्या. घाबरून मागे सरल्या, पाय घसरला, मनगट मोडलं. परबकाका तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी. मूळ मालवणकडचे, जन्म गेला कापडगिरणीत, आवाज खणखणीत. त्यांनी मीटिंगमध्ये तो बोर्ड टेबलावर आपटला आणि म्हणाले, "इस्त्री करून केलेल्या बोर्डार बिल्डिंग चलत नाय. ह्यो खेळ बंद."

सुलभाताई उठल्या. बोर्ड उचलला, खिडकीशी गेल्या, एक डोळा मिटून बघितलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. दोन वाटांच्या मध्ये केसाएवढं तांबं राहिलंय. मला दिसायला पाहिजे होतं." आणि खाली बसल्या. जो कुणी भांडायच्या तयारीने आला होता, त्याला भांडायला काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक भिंग आणलं, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. त्यानंतरचा एकही बोर्ड त्या भिंगाखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडला नाही. परबकाका मात्र त्यांच्याशी बोलायचे बंद झाले ते झालेच.

तीनेक वर्षांनी काकांची फुप्फुसं थकली. गिरणीतला कापूस आत साठलेला, दुसरं काय. दिवसरात्र नाकात नळी लागली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं, आणि अडीअडचणीला एक सिलिंडर.

अडचण आली धुळवडीच्या सकाळी. साडेनऊच्या सुमाराला बिल्डिंगचा न्यूट्रल गेला, घराघरात व्होल्टेज चढलं. दिवे एकदम लख्ख झाले, कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रिज, आणि दुसऱ्या मजल्यावर काकांचं मशीन शिट्टी वाजवत बंद पडलं. माझं दुकान सणाचं बंद होतं म्हणून माझं सामान वाचलं. मी खाली रंग खेळत होते. काकूंची हाक ऐकून धावत वर गेले तर सुलभाताई माझ्याआधी तिथे. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

काकांना सिलिंडर लावला होता. काटा बघून सुलभाताई म्हणाल्या, "साडेतीन-चारपर्यंत पुरेल." कंपनीचा फोन उचलत नव्हते. सिलिंडरवाले दोन्ही बंद. मुलुंडचा जावई भाड्याचं मशीन घेऊन निघणार होता, पण ते त्याला संध्याकाळी सहाला मिळणार होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर थांबू नका, थेट हॉस्पिटल. काका हॉस्पिटलला तयार नव्हते. मागच्या खेपेला तीन आठवडे पडून आले होते.

सुलभाताईंनी मशीन उघडलं. आत हवेच्या झडपा आळीपाळीने उघडणारा तळहाताएवढा बोर्ड होता, एका कोपऱ्यात जळून काळा झालेला. बाकी मशीन ठीक दिसत होतं. त्या बराच वेळ बघत बसल्या.

"करशील गे?" काकूंनी विचारलं.

"जिवाच्या मशीनला मी हात लावत नाही, काकू."

खाटेवरून काकांचा तुटक आवाज आला, "लाव. माझा काय जातला?"

सुलभाताईंनी काकांकडे बघितलं नाही. काकूंना म्हणाल्या, "मी करते. पण माझ्या भरवशावर बसू नका. तीन वाजता बोर्ड लागला नसेल तर अँब्युलन्सला फोन करायचा. मी पाच मिनिटं अजून मागितली तरी द्यायची नाहीत. कळलं?"

अकराला वीजवाल्यांनी न्यूट्रल जोडला. मी शटर वर केलं. माझे हात कोपरापर्यंत जांभळे. "आधी हात धू," त्या म्हणाल्या, "साबणाने, मग पावडरने. ह्या कागदाला तुझं बोट लागता कामा नये." जळका बोर्ड त्यांनी पार्ट काढून साफ केला होता, जळालेल्या दोन-तीन पार्टऐवजी आपल्या डब्यातले काढून ठेवले होते. मी तो स्कॅन केला, त्यावर रेघा ओढून घेतल्या, जळालेला कोपरा त्यांनी अंदाजाने, बाकीच्या वाटा मोजून मला सांगितला. बाहेर पोरं फुगे मारत होती. एक फुगा शटरवर फुटला आणि मी दचकले, त्या नाही. मासिकाचं पान घातलं. प्रिंट आला.

दीड वाजता त्यांच्या ओट्यावर बोर्ड तयार होता, भोकंही पाडून झाली होती. त्यांनी पहिला पार्ट, आठ पायांचा, उचलला आणि जुन्या बोर्डाशी ताडून बघितला. हात तिथेच थांबला.

"वैशाली, उलटं केलं होतंस ना?"

नेहमी त्यांचं चित्र वरच्या बाजूने काढलेलं असायचं, ते आहे तसंच छापायचं. आज तांब्याची बाजू स्कॅन केली होती, ती आरशातल्यासारखी उलटी करून छापायला हवी होती. मी केली नव्हती. अक्षरं असती तर लगेच कळलं असतं, पण अक्षरं नेमकी जळालेल्या कोपऱ्यात होती. दोन तास गेले होते. मला रडू फुटलं.

"प्रिंट तू काढलास," त्या म्हणाल्या. "बघायचं काम माझं होतं. रडत बसू नको, खाली जा, नवीन आण."

"हाच कसा तरी नाही का बसणार?"

"पार्टचे पाय उलटे वाकवले तर बसेल. दारावरच्या घंटीत बसवला असता. इथे नाही."

दुसऱ्या खेपेला प्रिंट त्यांनी आधी पालथा धरून जुन्या बोर्डाशी ताडला. इस्त्री दाबताना ओठ हलत होते, सेकंद मोजत असाव्यात. भोकं पाडायचं बारीक ड्रिल एकच उरलं होतं. ते मोडलं असतं तर लॅमिंग्टन रोडची पार्टची दुकानं उघडेपर्यंत दुसरं नव्हतं. प्रत्येक भोकाला त्या हात टेकवायच्या, थांबायच्या, मग दाबायच्या. मी ड्रिलकडे बघायचं सोडून दिलं. जिन्याने खालीवर करून आकडे आणत होते. ब्याण्णव. एक्क्याण्णव. काकूंनी घाबरून ऑक्सिजन थोडा वाढवला होता, म्हणजे सिलिंडर लवकर संपणार. नव्वद.

पावणेतीनला त्या सगळं सामान घेऊन परबांच्या घरातच येऊन बसल्या. जमिनीवर, खाटेच्या पायथ्याशी. सोल्डरचा धूर काकांकडे जाऊ नये म्हणून खिडकीकडे तोंड करून. घड्याळ त्यांच्या पाठीमागे होतं.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"तीनला दोन मिनिटं."

"काकू, फोन लावा."

"तुझा होताहा मां?"

"होतंय. तरी लावा."

काकूंनी लावला. अँब्युलन्स निघाली, पण चौकात रंगवाल्यांची गर्दी, पाऊण तास तरी लागेल म्हणाले. काका मध्येच म्हणाले, "घाई करू नको गे. मी खंय पळान जातंय?" म्हणायला गेले आणि खोकल्याने वाकले.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी सिलिंडरचा सूं आवाज बारीक होत गेला आणि थांबला. खोलीत एकदम शांत. बाहेर कुणाचा तरी ढोल तेवढा चालू. बोर्ड सोल्डर करून पूर्ण झाला होता, त्यांच्या हातात होता. काकू ओरडल्या, "लाव गे, लाव!"

सुलभाताईंनी भिंग डोळ्याला लावलं.

मी त्यांना काय काय बोलले ते मला आता आठवतही नाही. ताई, काय करताय, सोडा ते, असंच काहीतरी. काकूंनी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. त्यांनी खांदा सोडवून घेतला आणि खिडकीशी सरकल्या. बोर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. सत्त्याऐंशी, मी म्हणाले. मग त्यांनी ब्लेड उचललं आणि दोन वाटांच्या मध्ये एकदाच ओढलं. काय होतं ते मला दिसलंसुद्धा नाही. फुंकर मारली, परत बघितलं. मग बोर्ड मशीनमध्ये बसवला, वायरी जोडल्या, मशीनच्या वायरीत मध्ये एक साधा बल्ब घालून क्षणभर चालू केलं. बल्ब भगभगला नाही, म्हणजे आत शॉर्ट नव्हता. बल्ब काढला. बटण दाबलं.

झडप उघडल्याचा फुस्स असा आवाज आला. मग दुसरीचा. मग पहिलीचा.

"नळी लावा. लगेच चढणार नाही, ह्याला पाच मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या.

ती पाच मिनिटं आयुष्यात परत नकोत. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. काकांचे ओठ निळसर. काकूंनी त्यांची पाठ चोळत मालवणच्या देवीला नवस बोलायला सुरुवात केली. चौऱ्याऐंशीच. सुलभाताई मशीनला कान लावून बसल्या होत्या, झडपांचा ताल ऐकत. मग सत्त्याऐंशी. मग एकोणनव्वद.

पावणेचारला अँब्युलन्स आली. आत्ता मशीन चालतंय, आता कशाला न्यायचं, असं काकू म्हणायला लागल्या. सुलभाताई उठून उभ्या राहिल्या. "न्यायचं. हा बोर्ड मी घाईत केलाय." माणसांनी काकांना खुर्चीत बसवून खाली नेलं. म्हणजे तो बोर्ड पंचवीस मिनिटं चालला. तेवढाच चालायचा होता.

अँब्युलन्स गेल्यावर मी त्यांना दुकानात बसवलं, कोरा चहा दिला. त्यांना ग्लास धरता येईना. शेवटी त्यांनी ग्लास काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "खूप घाबरले होते गं मी."

"दिसलं नाही."

"दिसून कसं चालेल? काकू बघत होत्या ना."

काका पाच दिवसांनी घरी आले. तोवर कंपनीचा नवीन बोर्ड आला होता. सुलभाताई आपला काढून तो बसवायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. काका म्हणाले, "तुझोच रवांदे."

"नाही, काका. घाईतला बोर्ड मी कुणाकडे ठेवत नाही."

काकांनी नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाले, "त्या मीटिंगेत मी तुका लय बोललंय."

"बरोबर बोललात. माझंच चुकलं होतं," सुलभाताई म्हणाल्या आणि स्क्रू आवळायला लागल्या. स्क्रू आवळून झाल्यावर काकांनी विचारलं, ह्या इतक्याशा पट्टीला कसं कळतं, कुठली झडप कधी उघडायची? मला वाटलं त्या दोन वाक्यांत सांगतील. त्यांनी खुर्ची ओढली. कागद मागितला. मी खाली येऊन दुकान उघडलं, दहा-बारा गिऱ्हाइकं केली, वर गेले तरी त्या सांगतच होत्या, आणि काका नळीतून श्वास घेत, मध्ये मध्ये त्यांना अडवून परत विचारत होते.

काका त्यानंतर दीड वर्ष होते. मग बिल्डिंग पाडायला निघाली. नवीन टॉवर होईपर्यंत जो तो भाड्याने कुठे कुठे गेला. सुलभाताई साताऱ्याकडे भाचीकडे जायला निघाल्या. सामान ते केवढं, एक टेम्पो अर्धा भरला. शेवटी हमालाने बाथरूममधून पाच लिटरचे दोन कॅन आणले, गढूळ हिरव्या पाण्याने भरलेले, आणि मोरीत ओतायला बूच उघडायला लागला.

"ए, ठेव ते!" मी त्यांचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. ते सगळ्या बोर्डांचं वापरलेलं तपकिरी पाणी होतं, तांबं खाऊन हिरवं झालेलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा एक थेंब मोरीत जाऊ दिला नव्हता. "तांबं आहे त्यात. गटारातून खाडीत जाईल, मासे मरतील." गोरेगावला धातूवर मुलामा चढवणारा एक प्लेटिंगवाला ते घेतो, त्याच्याकडे उतरवून मग पुढे साताऱ्याला. टेम्पोवाला म्हणाला, बाई, मागे सामानात टाका. सामानात लवंडतील म्हणून त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या सीटवर बसल्या, एक कॅन पायांच्या मध्ये, एक मांडीवर.

मी खिडकीशी गेले. म्हटलं, पोचलात की फोन करा.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हरकडे वळल्या. "गतिरोधकावर हळू घे हां."

गेटच्या बाहेर पहिलाच गतिरोधक होता. टेम्पो तिथे जवळजवळ थांबला, मग एक एक चाक करून पलीकडे उतरला. खिडकीतून त्यांचा हात दिसत होता. माझ्याकडे हलवायला त्यांनी तो वर केला नाही. तो कॅनच्या बुचावर घट्ट दाबून धरलेला होता.